ब्रेक ऑइल कमी का होतं? जुन्या गाडीचे हायड्रॉलिक ब्रेक तपासणं आणि दुरुस्त करणं

ठाण्यात आणि नवी मुंबईत जुनी गाडी सांभाळणारे अजून बरेच आहेत. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कव्हर घालून उभी असलेली मारुती ८००, कुणाची महिंद्राची जीप, कुणी हौसेने राखलेली प्रीमियर पद्मिनी. १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, मग पाटी एमएच-०४ असो की एमएच-४३; आणि ब्रेकची आठवण बऱ्याच जणांना तेव्हाच होते. एरवी काम भागतं ते गॅरेजमधल्या ठरलेल्या वाक्यावर: "ऑइल टाकून हवा काढून देतो, साहेब."

हवा काढल्यावर दोन आठवडे पेडल छान लागतं. पण ती आत शिरली कुठून, हे कुणी पाहिलेलं नसतं. बंद सिस्टिममधलं ऑइल आपोआप उडून जात नाही. बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरायला दोनच कारणं असतात. एक तर पॅड झिजले की ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढी जागा भरायला ऑइल खाली जातं. हे महिनोन्‌महिने हळूहळू होतं आणि त्यात काळजीचं काही नाही. दुसरं कारण गळती. महिन्याभरात पातळी दिसेल इतकी उतरली तर ती गळतीच धरा. अशा वेळी वरून ऑइल ओतत राहणं म्हणजे दुखणं झाकणं.

खाली जे सांगतो आहे ते पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या साध्या गाडीसाठी, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या. चारही चाकांना ड्रम असतील तर डिस्कचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी पायाने तपासा

पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा. दहा मिनिटं पेडलशी नीट खेळलात तर कुठे हात घालायचा ते बहुतेक वेळा कळतं.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. आता पेडल मध्यम जोराने दाबून एक मिनिटभर तसंच धरा. जागच्या जागी राहिलं तर ठीक. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) आतले रबरी कप ऑइल धरून ठेवत नाहीत. दाबलेलं ऑइल कपाच्या कडेने मागे निसटतं. सिग्नलला पाय ठेवून उभं राहिल्यावर पेडल खाली गेल्यासारखं वाटतं, ते हेच. यात डबीतली पातळी मुळीच उतरत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

पेडल दबतं पण खालून मऊ, स्पंजासारखं लागतं, तर आत हवा आहे. एक पंप मारला की खोल जातं आणि दोन-तीन पंपांत वर येऊन टणक होतं, तर आधी मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बघा. शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) झिजून ड्रमपासून लांब गेले की पहिल्या दाबातलं ऑइल नुसतं ते अंतर भरण्यातच खर्च होतं. या दोन तक्रारी वरवर सारख्या वाटतात आणि गॅरेजमध्ये दोन्हींवर हवाच काढली जाते. फरक ओळखायला सोपी खूण आहे: पंप मारून वर आलेलं पेडल दगडासारखं घट्ट लागलं तर ॲडजस्टमेंट, वर येऊनही लवचिक राहिलं तर हवा.

पेडल लाकडासारखं कडक आणि गाडी थांबायला मांडीचा जोर लागतो, तर बूस्टर. व्हॅक्यूम संपवलेल्या स्थितीत पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर लगेच बूस्टर बदलायला निघू नका. इंजिनकडून येणारा व्हॅक्यूमचा हौजपाइप आणि त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह आधी तपासा. जुना हौजपाइप क्लिपजवळ चिरलेला असतो आणि ते काम किरकोळ पैशांत होतं. पद्मिनी, जीप आणि काही सुरुवातीच्या छोट्या गाड्यांना बूस्टर नसायचाच. तिथे पेडल थोडं कडक लागणं हाच तिचा स्वभाव.

गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर दोष बहुधा विरुद्ध बाजूच्या चाकात असतो, कारण ओढतं ते चाक आपलं काम करत असतं. ब्रेक न मारताच ओढत असेल, तर उलट: त्याच बाजूचा ब्रेक अडकलाय.

अडकलेल्या ब्रेकचा शोध

पाय काढला तरी चाक धरून राहतं, ही पावसाळ्यानंतरची हमखास तक्रार. चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर त्या चाकाचं ब्लीडर निपल (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत कोंडलेला होता. निपल सोडूनही चाक घट्टच असेल तर दोष यांत्रिक: गंजलेला पिस्टन, सुकलेल्या कॅलिपर पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या), किंवा मागच्या चाकाला हँडब्रेकची केबल.

दाब कोंडलेला असेल तर तो कुठे, हे शोधायची युक्ती अशी. निपल बंद करा, पेडल दाबून पुन्हा ब्रेक अडकवा. मग त्या चाकाच्या रबरी हौजपाइपच्या अलीकडचा, म्हणजे लोखंडी पाइपकडचा नट सैल करा. चाक तरीही अडकलेलंच राहिलं तर रबरी हौजपाइप आतून फुगून बंद झालाय. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परत यायला त्याला वाट मिळत नाही. बाहेरून तो अगदी नव्यासारखा दिसू शकतो. चाक मोकळं झालं तर दोष वर, मास्टरकडे. चारही चाकं एकदम धरत असतील तर मास्टरच्या पुशरॉडला (पेडलचा जोर मास्टरला देणाऱ्या दांड्याला) मोकळी चाल उरलेली नाही, किंवा आतलं परतीचं बारीक भोक घाणीने बुजलंय. नुकताच कुणी मास्टर किंवा बूस्टर बदलला असेल तर पुशरॉडवर पहिला संशय घ्या.

हँडब्रेकबद्दल इथेच सांगतो. पावसात आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये टाका आणि चाकाला ठोकळा लावा. ओले शू ड्रमला चिकटून बसतात.

कामाची तयारी

जागा सपाट हवी. पोडियम पार्किंगच्या उतारावर हे काम करायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. खाली घोडी (गाडी पेलणारा पक्का स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या. पाइपच्या नटांसाठी साधा फिक्स पाना वापरला की जुन्या नटाचे कोपरे हमखास घासून जातात. त्यासाठी पाइप आत घालता येईल अशी खाच असलेला रिंग पाना मिळतो, तो घ्या. ब्लीडर निपलला पूर्ण रिंग पानाच लावा आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. निपल तुटलं तर अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस होतात.

ड्रममधली काळी पूड हवेने उडवू नका, तोंडाने फुंकू तर मुळीच नका. शूवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे जुन्या लायनरमध्ये, ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

ओल कुठे शोधायची

बोनेट उघडून मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे जुळतात तिथे खालून बोट फिरवा. बूस्टरच्या डब्यावर रंग सोलून खाली ओघळ गेलेला दिसला तर मास्टरचा मागचा सील गेलाय. बूस्टर नसलेल्या गाडीत हेच ऑइल पेडलच्या दांड्यावरून आत, पायाखालच्या मॅटवर येतं. जुन्या जीपमध्ये ब्रेकलाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो. तोही गळतो आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग चाकं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला तेलकट डाग हा पुढचा पुरावा, पण तो नसला म्हणून खात्री धरू नका. ड्रम काढाच. हँडब्रेक सोडा, अनेक ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात, त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कड ठोकली तर तडा जाऊ शकतो.

ड्रम निघाला की शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या दोन टोकांना रबरी टोप्या दिसतील. बोथट टोकाने एक टोपी हळूच उचला. आत किंचित दमटपणा चालतो. टोपी उचलताच थेंब ओघळला, तर कप गेलाय. कपाची कड बोटाने चाचपली तर ती मऊ धारदार न लागता गोल झालेली लागते. टोपीत तपकिरी गाळ सापडला तर तो गंज आहे. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी सिलिंडरचं आतलं भोक, म्हणजे बोअर, खातं.

लोखंडी पाइप सर्वांत शेवटी बघतात, आणि आपल्या भागात ते सर्वांत आधी बघायला हवेत. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे, कोलशेत या खाडीकाठच्या वस्त्यांत हवा खारट, त्यात चार महिने पाऊस. पाइप उघड्यावर फारसा गंजत नाही. गंजतो तो क्लिपच्या खाली आणि मागच्या ॲक्सलवर, जिथे चिखल अडकून ओला राहतो. क्लिप सोडवा, तारेच्या ब्रशने घासा. नुसता तांबडा थर निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर पाइप वाचला. खळगे दिसले तर बदला. हा पाइप गंजून पातळ होत जातो आणि नेमका फुटतो तो जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असताना. नवा पाइप बंडी ट्यूबचाच (ब्रेकसाठीच्या दुपदरी पोलादी नळीचाच) घ्या, टोकाला डबल फ्लेअर करून, म्हणजे टोक रुंदावून आत दुमडून. तांब्याचा एसीवाला पाइप, मधला तुकडा कापून वेल्डिंग, सांध्याला एम-सील, हे सगळं मी गाड्यांखाली पाहिलंय. एकही चालत नाही.

व्हील सिलिंडर आणि शू

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की स्प्रिंग कुठली कुठे हे बघायला नमुना समोर असतो. फोटो काढाच, पण उजेड नसलेल्या पार्किंगमधल्या फोटोत स्प्रिंगचा हूक कुठल्या भोकात आहे हे दिसत नाही.

सिलिंडर खोलून बोअर स्वच्छ पुसा आणि आतून नख फिरवा. नख अडलं तर अख्खा सिलिंडर बदला. अडलं नाही तर नवं रबर किट घालून चालेल. बिडाच्या बोअरला अगदी बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेत हलका हात मारायला हरकत नाही; ॲल्युमिनियमच्या बोअरला पेपर लावायचा नाही, वरचा टणक थर जातो. माझं मत विचाराल तर नवा सिलिंडर महाग नसतो, त्यामुळे पंधरा वर्षांच्या सिलिंडरवर किटचे प्रयोग करू नयेत. एका बाजूला बदललात तर दुसऱ्या बाजूलाही बदला. पुढचे कॅलिपर, पॅड, हौजपाइप यांनाही तोच नियम.

सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेकचं रबर पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साध्या ग्रीसला लागता कामा नये. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये किट पेट्रोलच्या डब्यात धुतात आणि नवं किट महिन्यात फुगतं. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल, आणि बसवतानाही कपाला ब्रेक ऑइलच लावा. कपाची कड नेहमी दाबाच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या मधल्या स्प्रिंगकडे.

ऑइलने भिजलेले शू वाया गेले समजा. पेट्रोलने धुऊन, पेटवून, घासून ते परत धरतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गरम झाल्यावर आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. नव्या शूसोबत ड्रमची आतली घासणारी बाजू बघा. खोल चर असतील तर लेथवर टर्निंग करता येतं, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे नाही. डिस्कवर तशीच किमान जाडी कोरलेली असते. पॅडचं मटेरिअल ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की बदला.

कॅलिपरला पिना सुकल्या की आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजतो, यावरून लगेच ओळखू येतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. तेव्हा निपलला नळी लावून ते थोडं उघडा, म्हणजे पिस्टनमागचं गढूळ ऑइल वर मास्टरमध्ये न जाता बाहेर पडेल.

कुठलं ऑइल

डबीच्या झाकणावर ऑइलचा दर्जा, डॉट ३ किंवा डॉट ४, लिहिलेला असतो. डॉट ३ ताजं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ हे २३० अंशांना. ही दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान उकळबिंदू डॉट ३ चा १४० आणि डॉट ४ चा १५५ वर येतो. कसारा किंवा माळशेजचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की हे तापमान गाठणं अवघड नाही. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट फरशीला टेकतं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा तो यासाठी.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. नावात साम्य असलं तरी डॉट ५.१ वेगळं आहे. सीलबंद छोटी बाटली घ्या. गेल्या पावसाळ्यात उघडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटली फेकून द्या, आपल्या हवेत ती कधीच ओली झालेली असते. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलणं पुरेसं.

हवा काढणं

दोन माणसं लागतात. क्रम मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत ब्रेकचे दोन भाग तिरके विभागलेले असतात (पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं एकत्र), तिथे मॅन्युअलमधला क्रम पाळा.

आधी पिचकारीने डबीतलं जुनं ऑइल उपसा आणि ताजं भरा. निपलवर रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलवर भाचा असो की शेजारी, शब्द आधी ठरवून घ्या.

"दाब."
"दाबलं, मामा."
मी निपल पाव आटा उघडतो.
"खाली गेलं."
"तसंच धर, सोडू नकोस." निपल बंद. "आता सोड."

निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं तर हवा परत आत. नळीत बुडबुडे दिसायचे थांबले आणि ऑइल स्वच्छ आलं की पुढचं चाक. दर पाच-सहा दाबांनी डबी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. निपल आवळताना जोर नको, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे.

आता एक गोष्ट, जी फार कमी जण पाळतात. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. रोजच्या वापरात मास्टरचे कप बोअरच्या ठरावीक भागातच सरकतात. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजाचे कण धरून बसलेला. पेडल फरशीला टेकवलं की कपाची कड त्या गंजावर घासून फाटते. गाडी हवा काढायला दिली आणि परत आणल्यावर पेडल बसायला लागलं, या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन थांबेल.

मास्टर बदलला असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर शिकंज्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरून ऑइल भरा, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या डबीत वळवा आणि बुडबुडे संपेपर्यंत पिस्टन हळूहळू ढकला. हे टाळलं तर चाकांकडून कितीही हवा काढली तरी पेडल मऊच राहतं.

हवा काढूनही पेडल खोल जात असेल तर पुन्हा मागच्या ड्रमकडे या. ॲडजस्टर फिरवून शू ड्रमला टेकवा, मग चाक मोकळं फिरेल आणि शू जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत मागे घ्या. हँडब्रेकची केबल त्यानंतरच आवळायची. साधारण ४ ते ७ खटक्यांत धरला पाहिजे.

चाचणी

गाडी जागची हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. नवे पॅड बसवल्यावर पिस्टन मागे असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. पार्किंगच्या खांबाला ठोकलेल्या गाड्यांत अशाही असतात. इंजिन सुरू करून पूर्ण जोराने पेडल दाबून धरायला कुणाला तरी बसवा आणि तुम्ही प्रत्येक जोडावर टॉर्च मारा.

पहिली फेरी कंपाउंडमध्येच, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. मग उलवे-खारघरच्या आतल्या रस्त्यांसारखा रुंद, रिकामा रस्ता सकाळी लवकर गाठा. ३०-४० च्या वेगात, मागे कुणी नाही हे पाहून, स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं फिरून थांबलात की प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन धग बघा, स्पर्श करू नका. डावं-उजवं सारखं असावं. एकच चाक तापलेलं असेल तर ते अजून धरतंय, परत जॅकवर.

नव्या शू-पॅडला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतली पातळी आणि चाकांखालची फरशी बघा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. जुनं ऑइल गटारात ओतू नका. बाटलीत भरून, वर ‘ब्रेक ऑइल’ असं लिहून, वापरलेलं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला वेगळं द्या, दोन्ही एकत्र करून नको.